आरपार पेरू

पेरूच्या गराला मी खळखळून उकळी आणली आणि माझ्या मोठ्या मेहुण्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, दादांनी, कपाळावर हात मारून घेतला. गढूळपणाशी असं जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा नसेल. इथल्या हवेपुढे त्यांचं काही चालत नाही, म्हणून सगळा राग ते रसांवर काढतात.

नोएडातल्या एका रसाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत दादांनी तीस वर्षं काढली. ते निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. लग्नात कुणी ज्यूस पुढे केला की आधी तो दिव्याकडे धरणार. घरी सफरचंदाच्या रसाच्या ग्लासातून पेपरचा मथळा वाचता आला, तरच पहिला घोट. करोल बागेत एकदा मोसंबीवाल्याने टाकलेला चोथा उचलून म्हणाले, "भैया, इसमें अभी आधा रस बाकी है." तो म्हणाला, "तो अंकल, घर ले जाओ." दादांनी खरंच नेला! त्यांच्या फ्रिजच्या दारात, सॉस आणि लोणच्याच्या मधे, एक तपकिरी बाटली असते. तीत एन्झाइम, आणि वर चिठ्ठी: "हात लावू नये." ती दाखवून दादा मला सांगतात, "जावईबापू, फळात पेक्टिन नावाचा डिंक असतो. तो रसाला गरातून सुटू देत नाही, आणि सुटला तर निवळू देत नाही. हे एन्झाइम त्या डिंकाचे तुकडे करतं." लग्नापासून हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पण ऐकणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

गेल्या हिवाळ्यात दादांच्या पत्नीचं, आमच्या वहिनींचं, पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस फक्त पातळ, तेही आरपार दिसेल असंच. वहिनींनी नारळपाण्याकडे पाठ फिरवली, डब्यातल्या रसाला तोंड लावलं नाही. घोटभर काही पोटात जाईना. दादा काकुळतीला आले, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पेरू खावासा वाटतो हो."

पेरू! ज्याचा रस काढायला जावं आणि खीर हातात यावी, ते फळ.

"अमरूद? बिल्कुल नहीं," डॉक्टर म्हणाले.

"और उसका जूस आर-पार दिखा तो?" दादांनी विचारलं.

डॉक्टर हसले. "दिखाइए, फिर देखेंगे."

दादांनी गर कोमट केला, त्यात एन्झाइम घातलं आणि मला पातेल्याशी बसवलं. "हाताला सोसेल इतकंच गरम ठेवा. आधी त्याला काम करू द्या. मग गाळू, निवळू देऊ आणि शेवटी उकळू." ते हॉस्पिटलला जाऊन आले. तोवर मी विचार केला. (हीच माझी जुनी खोड.) आजारी माणसाला द्यायचं, तर उकळायला उशीर कशाला?

पातेलं बघताच दादा ओरडले, "मेलं!"

"कोण?" मी चपला शोधायला लागलो.

"एन्झाइम! उकळीत जगतं का ते?"

बाटलीच्या तळाशी जेमतेम चमचाभर उरलं होतं. मला गॅसपासून चार हात लांब बसवण्यात आलं. दादांनी नवे पेरू चिरले, कोमट गरात ते चमचाभर घातलं आणि बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं दर पाच मिनिटांनी पातेल्यात बोट बुडवत राहिले. दोन तासांत तो हट्टी गर सैल पडला. फडक्यात बांधून टांगला, तर न पिळताच रसाची धार लागली! रात्रभर तो फ्रिजमध्ये निवळला. सकाळी वरचा रस अलगद ओतून, कागदातून गाळून, मग एकदाचा उकळून गार केला. मधाच्या रंगाचा, आणि घरभर पेरूचा वास.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी ग्लासामागे आपलंच प्रिस्क्रिप्शन धरलं आणि अडखळत का होईना, वाचलं. स्वतःचं अक्षर त्यांना आयुष्यात प्रथमच लागलं असावं. "कमाल है, अंकल! दे दो, धीरे-धीरे."

वहिनींनी चमचाभर घेतला. डोळे मिटले.

"पेरूच आहे," त्या म्हणाल्या. आणि हळूहळू ग्लास संपवून, "अजून आहे?"

तीस वर्षांत एवढं मोठं प्रशस्तिपत्र दादांना कारखान्याने दिलं नसेल. मी चक्क टाळ्या वाजवल्या, नर्स धावत आली. दादा मात्र रिकामा ग्लास घेऊन खिडकीशी गेले आणि कितीतरी वेळ तो उजेडाकडे धरून बघत राहिले.

परतताना टॅक्सीत बायको फ्लायओव्हर ओलांडल्यावर म्हणाली, "अहो, उद्या माझ्यावर अशी वेळ आली, तर रस दादालाच करू द्या. तुम्ही नुसते माझ्याजवळ बसा."