दोन्ही कॉम्प्युटर रिकामे

रामनगरच्या यमुनानं बेळगावात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि १९९९ साली गणेशगुडीच्या एका जंगल लॉजची वेबसाईट बनवायला घेतली. लॉजच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते. एकावर ती पानं लिहायची. दुसरा डेव्हलपमेंट सर्व्हर. इंटरनेटवर चढवण्याआधी पानं तिथं तपासायची. दर वेळी फ्लॉपी घेऊन उठायचा कंटाळा आला, म्हणून तिनं छोटा प्रोग्रॅम लिहिला. इकडं पान बदललं की मिनिटभरात तिकडं आपोआप कॉपी. इकडून पुसलं की तिकडूनही जायचं. लॉजचे मालक यशवंतराव येईल त्या पाहुण्याला ते कौतुकानं दाखवायचे.

मार्चमधल्या एका दुपारी जुने फोटो पुसताना तिनं भलतंच फोल्डर पुसलं. वेबसाईटसाठी लिहिलेली रानातल्या झाडांची साठ पानं गेली. जोयड्याकडच्या कुणबी वाडीतल्या नागूमामांनी चार दिवस बसून सांगितलेली माहिती होती ती. सर्व्हरवर आहेत की, म्हणत तिनं खुर्ची फिरवली. तिथंही काही नव्हतं.

"अगं, दोन ठिकाणी होतं न्हवं?" यशवंतरावांनी विचारलं.

"व्हय. पण इथलं गेलं की तिथलंही काढ, असं मीच त्याला सांगून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी ती जीपनं वाडीवर गेली. नागूमामा अंगणात दोरी वळत होते. झालेलं सांगताना तिला रडू फुटलं. म्हाताऱ्यानं दोरी बाजूला ठेवली.

"गेलं ते बरं झालं, बाय. त्यातली अर्धी नावं खोटी हुती."

यमुनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "खोटी?"

"औषधाची झाडं लॉजवाल्यास्नी कशाला दावू? उद्या लोक येऊन साली सोलून न्हेतील. म्हणून तोंडाला येईल ते सांगितलं."

ती ओट्यावर बसली. एकेक नाव तिनं त्यांनाच दोनदा विचारून लिहिलं होतं. महिन्याभरात ते जगापुढं गेलं असतं.

"मग आज का सांगताय?"

"चूक लपवली न्हाईस. सांगाया इतक्या लांब आलीस."

त्या दिवशी त्यांनी औषधी नसलेल्या चौतीस झाडांची खरी नावं तिला लिहून घ्यायला सांगितली. परत येताच यमुनानं प्रोग्रॅममधला पुसण्याचा हुकूम काढून टाकला. यशवंतराव ऐकून आधी चिडले, मग चौतीस पानांवर राजी झाले.

उरलेली औषधाची झाडं नागूमामांनी तिला पावसाळ्यानंतर रानात नेऊन दाखवली. वही मात्र घरीच ठेवायला लावली, कुठं लिहून ठेवायचं नाही म्हणून.