साउथ ब्रिज उडाला, अन् मी बालाघाटले गेली

सकाळीच फोन आला. "दीदी, आपका ब्रिज उड़ गया. आज आ जाइए." एवढं बोलून कट! बालाघाटची दुरुस्तीवाली बाई होती. माझा कॉम्प्युटर तिच्याकडं टाकला होता. पन ब्रिज? मले एकच ब्रिज मालूम, वैनगंगेवरचा.

जानं तं भागच होतं. कटंगीत घरीच माझं भरतकामाचं मशीन हाय, त्याची नक्षी कॉम्प्युटरात बनते. शेजारच्या पिंकीचं लग्नाचं ब्लाऊज अर्धं पडलं होतं. डाव्या बाहीवर मोर काढून झाला, उजव्या बाहीचा कॉम्प्युटरातच अडकला. अन् हळद परवावर.

स्टँडवर बालाघाटची बस लागली होती. मी ओरडली, "चढू नका! वैनगंगेचा पूल उडाला!" दोन बाया पिशव्या घेऊन खाली उतरल्याबी.

कंडक्टर म्हने, "काकू, मी आत्ता बालाघाटहूनच येऊन राह्यलो. बस काय उडत आनली?"

सारी बस हसली. मी गुपचूप खिडकीजवळ बसली. तुमाले जायचं असंल तं सकाळचीच बस धरा, वारासिवनीच्या पुढं उभं राहाले जागा नाही भेटत. भाडं कंडक्टरले विचारा, मले कायले विचारता? पुलावर मी डोळे मिटले. उघडले तं पूल जागेवर, खाली पानी, वर धानाचे ट्रक.

उतरून पोहे-जलेबी खाल्ली. पोहे गार, जलेबी मस्त. मंग ऑटोनं दुकानात गेली अन् बाईले झापलं, "पूल तं साजरा उभा हाय! काहून घाबरवलं मले?"

ती हसता हसता स्टुलावर बसली अन् हिंदी सोडून माझ्याच बोलीत म्हने, "अवो ताई, तो पूल नाही, हा!" हिरव्या बोर्डावर बिस्किटापेक्षा लहान काळी चिप दाखवली. मी वाकून पाह्यलं. एवढीशी?

"तुमचा बोर्ड जुना हाय. याच्यात दोन चिपा. वरची नॉर्थ ब्रिज, मेमरी अन् पडद्याचा माल तिच्यातून जाते. खालची साउथ ब्रिज, हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, कीबोर्ड सारे तिच्यातून. दोघी मिळून चिपसेट. नव्या बोर्डात वरचीचं काम प्रोसेसरच करते, एकच चिप उरली."

"मंग प्रोसेसर काय झोपला हाय?"

"तो मालक हाय, जागाच हाय. पन पूल नाही तं घरचं धान बाजारात जाईन कसं?"

"म्हंजे मोर मेला?"

"मोर डिस्कात बसला हाय. त्याले यायले रस्ता नाही."

तिनं डिस्क काढली, आपल्या कॉम्प्युटरले लावली. पडदा काळा. मी देवाचं नाव घेतलं. मंग पिसारा दिसला, चोच दिसली. माझ्या तोंडून शिवीच निघाली, आनंदाची. जळलेली चिप तशी बदलता येते म्हने, पन एवढ्या जुन्या बोर्डाची आता भेटत नाही, दुसरा बोर्डच घ्या. मी म्हनलं, आधी मोर दे बाई. तो पेनड्राइव्हात घेऊन परतीची बस धरली. घरी पेनड्राइव्ह सरळ मशीनले लावला, रातीच उजव्या बाहीवर मोर उतरला.

इतके साल मी पडद्यालेच कॉम्प्युटर समजत होती. डब्बा अडला का वरून थाप मारायची. आता हात उचलत नाही. आत कोनाकोनाची ये-जा चालू असते, कोनाले माहीत!

हळदीच्या सकाळी पिंकीनं ब्लाऊज घातलं, आरशापुढं दोन्ही हात वर केले. "काकू, यातला मरून परत आला तो कोनता?"

मी जवळ जाऊन पाह्यलं. उजवा हे मालूम होतं, पन टाके पाहून मलेबी ओळखू नाही आला.