काढून ठेवलेला कॅमेरा

घड्याळकाकांच्या दुकानात तिने सहा वर्षं काढली, आणि त्या सहा वर्षांत काकांच्या हातून एकही स्क्रू हरवला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापड्यांनो! मोहरीएवढे स्क्रू असतात घड्याळाचे. काका ते पांढऱ्या फडक्यावर निघतील तसे ओळीने मांडायचे आणि मोजायचे. दुसरी खोड चिकटपट्टीची. पट्टी चिकटवली की तिचं टोक एवढंसं दुमडून ठेवायचं, उघडणाऱ्याला नखाने खरवडत बसायला नको म्हणून. औषधाचं पाकीट असो की लेकीच्या वहीचं कव्हर, टोक दुमडलेलंच.

पुढे घड्याळं दुरुस्तीला येईनाशी झाली. काकांनी दुकान आवरलं आणि तिने दोन गल्ल्या सोडून लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं. काकांकडे जायचं दर आठवड्याला ठरायचं. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता दीड वर्ष गेलं. माणूस दोन गल्ल्यांवर असला की असंच होतं मेलं.

मग एका सकाळी काकूच दुकानात आल्या. पिशवीतून लॅपटॉप काढून म्हणाल्या, "बघ ग जरा. कॅमेरा सापडत नाही म्हणतो, आणि बोलता बोलता पडदा निळा होऊन बंदच पडतो. दर रविवारी लेकीशी बोलतो ना आम्ही. महिना झाला, नुसता आवाज."

"काका कसे आहेत?"

"थकलेत." काकूंनी इकडेतिकडे बघितलं. "लेकीला काही सांगायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांनी मला. पण कॅमेऱ्याला कुठे घातलीय? तिने एकदा नुसतं बघू दे त्यांना. घरात फोन बटणांचा, त्यात कसलं दिसतंय!"

लेक परदेशात होती, आठवा महिना लागलेला. एवढंच सांगून काकू गेल्या.

तिने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. यंत्राच्या यादीत कॅमेऱ्याचं नावच नव्हतं. सॉफ्टवेअर नवं घातलं, तरी नाही. मेमरी बदलून पाहिली, चाचण्या लावल्या, सगळं ठणठणीत. आता बंद पडेल म्हणून तासभर डोळे लावून बसली, तर हूं की चूं नाही. शेवटी वैतागून उचलून बाजूला ठेवायला गेली आणि पडदा निळा झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा जरासा तिरका केला. पुन्हा निळा! म्हणजे आत काहीतरी सुटं फिरत होतं.

लॅपटॉप पालथा केला तर खालच्या झाकणाचा एक स्क्रू गायब. बाकीच्या प्रत्येक स्क्रूभोवती ओरखडेच ओरखडे, कुणाचा तरी पेचकस घसरत राहिलेला. "कुठल्या धसमुसळ्याने उघडलंय हे?" ती पुटपुटली आणि झाकण काढलं. हरवलेला स्क्रू मदरबोर्डखाली सापडला. हलवलं की तो सरकून बोर्डाला टेकायचा, आणि यंत्र मान टाकायचं. ते कोडं सुटलं.

मग कॅमेऱ्याची वायर बघितली. ती तुटली नव्हती, जळली नव्हती. कुणीतरी अलगद सोडवून बाजूला चिकटपट्टीने बसवली होती. आणि पट्टीचं टोक एवढंसं दुमडलेलं होतं.

ते ओरखडे काकांचे होते. ज्या हाताने मोहरीएवढे स्क्रू लीलया बसवले, त्या हाताला आता एवढा मोठा स्क्रू धरवत नव्हता. तिला रडू कोसळलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं तरी ती रडली.

दुपारी काकू औषधं आणायला गेलेल्या असताना ती लॅपटॉप घेऊन घरी गेली. काका खुर्चीत होते, अर्धे उरलेले. दोन्ही हात शालीखाली.

"जोडलास कॅमेरा?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"तुम्ही काढून ठेवलेला मी न विचारता कशी जोडू?"

काकांनी लॅपटॉपकडे बघितलं. मग म्हणाले, "मला असं बघितलं तर ती तशीच विमानात बसेल, पोटात पोर घेऊन. एकदा सुटू दे तिला नीट. मग दाखव मला हवं तेवढं."

तिने सापडलेला स्क्रू पुढे केला. शालीतून हात बाहेर आला, लटलट कापत. स्क्रू तळव्यावर नाचला आणि खाली पडला.

"दोन दिवस शोधला ग," काका म्हणाले. "हिने विचारलं तर सांगितलं, चष्मा शोधतोय. चष्मा नाकावरच होता."

दोघंही हसली. "तूच बसव आता तो," ते म्हणाले.

तिने स्क्रू बसवला. तोवर काकू परतल्या आणि तिने त्यांच्या तोंडावर खोटं सांगितलं. बंद पडायचं थांबलंय, पण कॅमेरा कायमचा गेला, तो भाग आता मिळत नाही.

काकूंचा चेहरा पडला. "तू म्हणतेस म्हणजे गेलाच असणार," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हाताखालची ना तू." तिच्या पर्समध्ये कॅमेऱ्याचा फोन होता. तो तिने बाहेर काढला नाही.

काका तीन आठवड्यांनी गेले. छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत आटोपलं. लेक सहाव्या दिवशी बाळंत झाली.

ती आली ती बाळ चार महिन्यांचं झाल्यावर. आईबरोबर राहायला आलेली, पण तिसऱ्याच दिवशी बाळाला कडेवर घेऊन, लॅपटॉप काखेत मारून दुकानात हजर. "आता आईला बाळ दिसायला हवं ना मी परत गेले की. नवा कॅमेरा बसतो का बघ. हा तेव्हा बिघडला नसता तर..." वाक्य तिने सोडून दिलं.

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. उद्या ये, ठेवून जा, म्हणता आलं असतं. पण तिला ते जमेना. तिने लेकीच्या समोरच झाकण उघडलं.

लेक वाकून बघत होती. तिने बोट पुढे केलं आणि पट्टीच्या दुमडलेल्या टोकाला लावलं. माझ्या सगळ्या वह्यांना अशीच असायची, असं काहीतरी ती बोलली. मग वर बघून तिने विचारलं, "बिघडला नव्हताच?"

"नाही. काकांनीच काढून ठेवला होता. तू घाबरशील म्हणून. मला माहीत होतं. मी काकूंना खोटं सांगितलं."

आता ही चिडणार, ओरडणार, निघून जाणार, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण लेक स्टूल ओढून समोर बसली आणि बाळाला तिने मांडीवर घेतलं.

"म्हणजे तू त्यांना बघितलंस शेवटी," ती म्हणाली. "मग सांग मला. कसे दिसत होते?"

तिने हातातला पेचकस खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, काकांच्या हातापासून.