बारा नंबरची प्रत

सही केलेली पॉप आर्टची छापील चित्रं मी जमवतो. मागच्या वर्षी एका विक्रेत्याकडून सोडा बाटलीचं भडक चित्र घेतलं. खाली पेन्सिलीनं चित्रकाराची सही होती आणि शेजारी आकडा, पन्नासपैकी बारावी प्रत. शिवाजी पेठेतल्या फ्रेमवाल्याकडं ते नेलं, तर तो म्हणाला, "ह्योच बारा नंबर गेल्या महिन्यात एकाला मढवून दिलाय की!"

खरं तर पन्नास प्रतींत प्रत्येक आकडा एकदाच येतो. तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. मी नुसतं नाव सांगितलं, तोच तो घाईनं म्हणाला, "पावणं, तुमचीच प्रत खरी हाय बघा!"

दुसऱ्या प्रतीबद्दल मी अवाक्षरही काढलं नव्हतं.

चित्र परत केलं. आता घरातली प्रत्येक सही मी भिंगातून तपासत बसतो.