टॉवरखालची नळी

"ही नळी धर, मा," डायव्हिंग स्पर्धेचा सेक्रेटरी म्हणाला आणि रबरी नळी माझ्या हातात कोंबली. चेन्नईत सगळ्याच मुलींना 'मा' म्हणतात, त्यात लाड नसतो. समोर परदेशी मुली अंग ताणत उभ्या. त्यांच्याबरोबर मी पण उभी असायला हवी होते, भारताचा कॉश्च्यूम घालून. माझ्या अंगात काय, तर 'व्हॉलंटियर' लिहिलेला ढगळ टी-शर्ट.

नळीचं काम सांगते. उंचावरून सूर मारणाऱ्याला शांत, नितळ पाणी दिसतच नाही. थेट तळ दिसतो. पाणी कुठं सुरू होतं ते कळलं नाही की अंग सरळ करायची वेळ चुकते, आणि दहा मीटरवरून आडवं पडलं तर पाणी फरशीसारखं लागतं. म्हणून खालून फवारा मारून पाणी हलतं ठेवायचं. मोठ्या स्पर्धांत हे लागतंच. ते काम मला दिलं.

आणि वर टॉवरवर कोण? निवड चाचणीत जिला मी हरवलं होतं, ती.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. आप्पा इथं चेन्नईला, क्रोमपेटमध्ये चामड्याच्या कारखान्यात होते. आमच्या कितीतरी पिढ्या कातडी कमावण्यात गेल्या. गावाकडं माझ्या आज्जीला विहिरीच्या काठावर पाय ठेवू दिला नाही, आणि मी इथं टॉवरवरून उलट्या कोलांट्या मारत होते. तमिळ लोक जात पाळत नाहीत असं नाही हां, चांगली पाळतात! पण माझं आडनाव त्यांना कळायचं नाही. इथं आडनाव लावायची रीतच नाही. बापाच्या नावाचं एक अक्षर पुढं लावायचं, झालं. त्या एका अक्षराआड मी सुखात होते.

चाचणी झाली. मी पहिली आले. यजमान म्हणून आपल्या दोन मुलींना उतरता येणार होतं, म्हणजे माझी जागा पक्की. मी आप्पांना फोनवर मराठीत सांगत होते आणि हुंदके देत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गे मुली, मराठी बोलतीस की तूं!"

असोसिएशनच्या उपाध्यक्ष बाई. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेलाचं. मला इतकं बरं वाटलं! घराबाहेर कुणी माझ्याशी माझ्या भाषेत बोलेल असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी गालाला हात लावला. गाव विचारलं. मग विचारलं, "आडनांव काय गे तुमचं?"

मी सांगितलं. आनंदानं सांगितलं, मूर्खासारखं. "बाप काय करतो?" तेही सांगितलं. त्यांचा हात गालावरून खाली आला. त्यांनी तो पदराला पुसला. मला वाटलं रडून माझा गाल ओला आहे, म्हणून.

दुसऱ्या दिवशी संघात मी नव्हते. चाचणीत तिसरी आलेली बाईंची भाची होती. कोच म्हणाले, "वरून आलंय. मी काय करू?" त्यांची मान खाली होती. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आप्पा म्हणाले, "गप बस पोरी. तलाव तरी चालू राहील तुझा." आणि तलाव चालू राहावा म्हणून मी नळी धरली.

भाची वर गेली. कडेला उभी राहिली. वरून मला बोट दाखवलं. डावीकडं मार. मी डावीकडं मारलं. आणखी. आणखी मारलं. माझा दुसरा हात तोटीवर होता. खोटं कशाला बोलू, तोटी बंद करावी असं मनात आलं. पण वरून पाणी न दिसणं काय असतं ते मला माहीत होतं. मी फवारा चालू ठेवला. तिनं उडी मारली, बरी पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू फुटलं. फवाऱ्यानं तोंड ओलंच होतं, कुणाला कळलं नाही.

तिची उडी झाली, वर अजून कुणी चढलं नव्हतं. मी तोटी बंद केली. नळी फरशीवर टाकली.

सेक्रेटरी ओरडला. मी म्हणाले, "धरणार नाही."

बाई लगबगीनं आल्या. माझ्या कानाशी लागून, मराठीत, अगदी हळू बोलल्या, "अगे, परके लोक पाहताहेत. आपल्यांतलं आपल्यांत ठेवावं. घरचं कार्य समज."

घरचं! मला संघातून काढताना मी परकी, आणि नळी धरायला घरची. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तमिळमध्ये बोलले, मोठ्यांदा, गॅलरीपर्यंत जाईल असं. "चाचणीत मी पहिली आले. ह्या बाईनं माझं आडनाव विचारलं आणि मला काढलं."

काय झालं? काही नाही. परदेशी पंचांना भाषा कळली नाही. ज्यांना कळली त्यांनी मोबाइल बघितले. कोच उठलेच नाहीत. वॉचमननं दंडाला धरून मला गेटपर्यंत नेलं. मागं दुसऱ्या कुणीतरी नळी उचलली होती, फवाऱ्याचा आवाज येत होता. पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. स्पर्धा पाच मिनिटंही थांबली नाही.

तो तलाव मला बंद झाला. दहा मीटरवरून मी पुन्हा कधी सूर मारला नाही. शरीर विसरतं हो, वय निघून जातं. त्याची भरपाई कुणी केली नाही, करणारही नाही.

आता सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करते. ऑफिसात महाराष्ट्रातली बरीच पोरं आहेत. कँटीनमध्ये कुणीतरी खूश होऊन शेजारी येऊन बसतं, "अरे वा, तुम्ही मराठी? गाव कुठलं? आडनाव काय?"

मी डबा बाजूला सारते. "कशाला पाहिजे?" असं विचारते. समोरचा हसून विषय बदलू बघतो. मी बदलू देत नाही. "आधी कशाला पाहिजे ते सांगा. आणि मोठ्यानं सांगा, सगळ्या टेबलाला ऐकू जाऊ दे."