करजणचा अर्ज

आमच्या घरात काहीही हवं असलं तर अर्ज लिहावा लागतो. बाबांचे आजोबा बडोदे संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. संस्थान गेलं, पण दफ्तर काही आमच्या घरातून गेलं नाही. बाबा स्वतः सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. सातवीत असताना मला सायकल हवी होती, तेव्हा मी रीतसर अर्ज केला, कारणं दिली आणि खाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहून सही ठोकली. आईने तर मिक्सरसाठी केला होता. अर्ज समासात लाल शाईचा शेरा घेऊन परत यायचा. ‘मंजूर.’ ‘नामंजूर.’ ‘दिवाळीनंतर विचार करू.’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘नामंजूर. पुन्हा अर्ज करू नये.’ हा शेरा मला आयुष्यात एकदाच मिळाला, कुत्रा पाळण्यावरून. त्यानंतर मी कुत्र्याचं नावही काढलं नाही. बाबांच्या तोंडी ‘नाही’वर वाटेल तेवढं भांडता यायचं. लेखी शेऱ्यावर मात्र कुणी बोलायचं नाही, अगदी आईनेसुद्धा.

कोरोना आला आणि आमच्या खुर्च्या बदलल्या. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. बाबा ऐंशीच्या घरात, मी पन्नाशी ओलांडलेली शाळामास्तरीण, आणि राग कायम नाकावर. बाहेर कुणी जायचं, दूधवाल्याशी किती लांबून बोलायचं, पेपर किती वेळ उन्हात ठेवायचा, हे सगळं मी ठरवायला लागले. पहिल्याच आठवड्यात बाबांनी जाहीर केलं, “आता तू साहेब, मी अर्जदार.” मग रोज अर्ज. ‘सायंकाळी फाटकापर्यंत फेरी मारण्याबाबत.’ ‘कोपऱ्यावरची शेव-उसळ डब्यातून मागवण्याबाबत.’ मीही हौसेने लाल पेन आणलं. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. ज्यांच्यापुढे जन्मभर समास सोडून लिहिलं, त्यांच्या समासात लिहायला मिळत होतं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये म्हाताऱ्यांना लस मिळायला लागली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून निघाले, जणू बढतीची ऑर्डर घ्यायला चाललेत. सुई टोचून झाल्यावर अर्धा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा आता काय बदलेल, असं त्यांनी नर्सला विचारलं, “बेन, हवे शुं बदलाशे?”

“कशुं नहीं, काका,” ती म्हणाली. “मास्क पहेरवानो, हाथ धोवाना, घेर बेसवानुं.”

“मग टोचलीत कशाला?” हे त्यांनी मराठीत विचारलं, म्हणजे मला. एप्रिलच्या सुरुवातीला दुसरा डोसही झाला. सर्टिफिकेट त्यांनी लॅमिनेट करून आणवलं आणि त्याच दुपारी माझ्या टेबलावर अर्ज आला. ‘विषय : करजण येथे ताईस भेटण्यास जाण्याबाबत.’

ताई म्हणजे माझी आत्या, बाबांहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन करजणला गेली ती तिथलीच झाली. मुलगा-सुनेजवळ राहायची. बडोद्याहून करजण म्हणजे हायवेने तासाभराचाही रस्ता नाही. बाबा महिन्यातून एकदा तरी जायचेच, आणि जाताना लीलो चेवडो न्यायचे. बटाट्याचा तो मऊ, आंबटगोड चिवडा आत्याला आमच्याच बाजारातला लागतो. करजणला मिळत नाही असं नाही, पण तो तिच्या मते चिवडाच नव्हे. वर्षभर ते जाणं बंद होतं. अर्जात बाबांनी तीन कारणं दिली होती. एक, अर्जदाराचे दोन्ही डोस पूर्ण. दोन, ताईचेही पूर्ण. तिसरं कारण असं होतं : ‘ताईचे विसरणे वाढत चालले आहे, असे सूनबाई कळवतात. ती मला ओळखते आहे तोवर एकदा भेट व्हावी.’

तो एप्रिल ज्यांनी बडोद्यात काढला त्यांना तो सांगायला नको. दिवसभर अॅम्ब्युलन्सचे आवाज. आमच्या सोसायटीतली दोन माणसं एका आठवड्यात गेली, त्यातल्या एकांनी पहिला डोस घेतलेला होता. मी मोबाइलवर वर्ग घ्यायचे आणि तासातासाला बाबांचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालायचे. अर्ज मी नामंजूर केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अर्ज, नव्या कागदावर. पुन्हा नामंजूर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी माझ्या एका विद्यार्थिनीची आई गेल्याचा फोन आला होता आणि मी फोन ठेवते तोच बाबांनी कागद पुढे केला. माझा तोल गेला. मी लाल पेनने, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं, ‘नामंजूर. पुन्हा अर्ज करू नये.’

बाबांनी चष्मा लावून वाचलं. “बरं,” म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर करजणचा विषय निघाला नाही. मला हायसं वाटलं. बाबा रोज सकाळी आत्याला फोन करायचे, आणि फोन ठेवताना म्हणायचे, “मंजुरी आली की निघालोच.” मी स्वयंपाकघरात हसायचे. त्यांचा हा खेळ अजून चाललाय, म्हणजे स्वारी खुशीत आहे, असं मला वाटायचं.

जून सरला. लाट ओसरली, कर्फ्यूची वेळ मागे मागे सरकत गेली. माझी शाळा थोडीथोडी सुरू झाली. शेव-उसळीवरचे निर्बंध मी उठवले. ऑगस्टमध्ये तर अलकापुरीतल्या एका हॉटेलात सहकारी बाईंच्या मुलीचा साखरपुडा होता, तिथे मी जाऊन चांगली जेवून आले. एकदा चपला घालता घालता बाबांना म्हणालेसुद्धा, “एकदा करजणला जाऊन यायला हवं, नाही?”

“तसं काही आलं तर बघू,” ते म्हणाले.

मला वाटलं, उत्साह ओसरला. वय झालं. घाईत होते, शाळेला निघून गेले.

सप्टेंबरात शेजारच्या काकींनी सांगितलं की कमाटीबागेत फिरायला जायचं तर आता लशीचं सर्टिफिकेट जवळ असलेलं बरं, विचारतात म्हणे. बाबा अंघोळीला गेले होते. मी त्यांचा खण उघडला. सर्टिफिकेटच्या खाली एक फाइल होती, सुतळीने बांधलेली, वर ठळक अक्षरात ‘करजण’. आमच्या घरी फाइल उघडायला परवानगी लागत नाही, फक्त बांधून ठेवावी लागते. मी उघडली.

वर माझा शेरा मारलेला अर्ज होता. खाली नवा अर्ज एकही नव्हता. होती ती टिपणं, रोजच्या फोननंतर लिहिलेली, दोन-दोन ओळींची, त्या स्वच्छ कारकुनी अक्षरात. ‘आज ताईने दोनदा विचारले, कधी येतोस. मंजुरीची वाट पाहतो असे सांगितले.’ ‘आज आवाज ओळखला, पण उशिरा.’ ‘आज आईची चौकशी केली. आई बरी आहे असे सांगितले.’ ही आई म्हणजे माझी आजी, तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. अशी टिपणं महिनोनमहिने चालली होती. आणि सगळ्यात शेवटचं, चार दिवसांपूर्वीचं टिपण एकाच ओळीचं होतं. ‘आज ताई माझ्याशी गुजरातीत बोलली.’

आत्या गुजराती बोलायची ती भाजीवाल्याशी, शेजारणीशी, डॉक्टरांशी. भावाशी नाही. साठ वर्षं करजणला काढून भावाशी ती कधी एक वाक्य गुजरातीत बोलली नव्हती. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि तिथेच जमिनीवर बसले.

बाबा पंचा गुंडाळून बाहेर आले. मी ओरडलेच. माझं असंच आहे, अपराधी वाटलं की मी आवाज चढवते. “हे मला सांगितलं का नाही?”

“पुन्हा अर्ज करू नये, असा शेरा होता.”

“रागात लिहिला होता मी तो!”

“शेऱ्यात राग कसा दिसणार? अक्षर चांगलं होतं.”

“आणि ऑगस्टमध्ये मी म्हटलं नव्हतं का, जाऊन येऊ या म्हणून?”

“तोंडी,” बाबा म्हणाले.

ते टोमणा मारत नव्हते, हेच वाईट होतं. मी त्यांना तोंडी नाही म्हटलं असतं तर ते भांडले असते, रुसले असते, माझा डोळा चुकवून एसटीत बसून गेलेही असते. ज्या एका गोष्टीपुढे हा माणूस मान तुकवतो तीच मी त्यांच्या हातात ठेवली होती, आणि पाच महिने विसरून गेले होते. बापाला मुलीकडे परवानगी मागावी लागते, यातली लाज त्यांनी अर्जाच्या गमतीत गुंडाळून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. मी रडले. बाबा अवघडून उभे राहिले, मग पंच्याचं टोक पुढे केलं.

“चला,” मी म्हटलं. “आत्ता निघू या.”

“आधी लिही.”

मी त्याच अर्जावर जुना शेरा खोडला. ‘मंजूर. ताबडतोब.’ खाली सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद धरला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. वाटेत चिवडा घ्यायला मी गाडी थांबवली तेव्हा पाव किलो पुरे म्हणाले नाहीत, अर्धा किलो घेतला, शिवाय घरासाठी वेगळी पुडी.

करजणला वहिनी दारातच होती, आत्याची सून. “या या, मामा, केटला वखते, किती दिवसांनी! आई, जुओ तर, कोण आलंय!” आत्या खिडकीपाशी पलंगावर बसली होती. वाळली होती, पण अंबाडा नीट घातलेला. आम्ही दोघांनी मास्क लावले होते, मला वाटलं त्यामुळे ओळखत नसेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी मास्क काढला.

“ताई, मी.”

आत्याने त्यांना नीट पाहिलं, अगदी पाहुण्याला पाहावं तसं, सौजन्याने. “आवो, बेसो ने,” ती म्हणाली. “तमे कोण?”

“तुझा भाऊ, ताई. धाकटा.”

ती हसली, त्यांची थट्टा कळल्यासारखी. “मारो भाई तो वडोदरामां छे. एने मंजूरी नथी मळी हजी. मळशे एटले आवशे.”

वहिनी माझ्याकडे बघायला लागली, भावाला अजून न मिळालेली ही कसली मंजुरी म्हणून. मी खाली पाहिलं. कुठे तोंड लपवू असं झालं होतं मला. बाकी सगळं त्या बाईच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, आईचं मरण गेलं होतं, भावाचा चेहरा गेला होता, आणि माझा शेरा तेवढा राहिला होता.

बाबांनी खिशातून कागद काढला. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि कचेरीत वाचावा तसा अख्खा अर्ज आत्याला वाचून दाखवला. विषय, तिन्ही कारणं. मग समासातलं वाचलं. “मंजूर. ताबडतोब.”

“मळी गई?” आत्या खुलली, भाऊ कधी येतोय विचारायला लागली. “तो क्यारे आवे छे?”

“निघालाय तो,” बाबा म्हणाले.

त्यांनी पुन्हा ‘मी तुझा भाऊ’ असं म्हटलं नाही. तास-दीड तास ते तिच्याशी गुजरातीतच बोलत बसले, परक्या माणसाने बोलावं तसं, अदबीने. तिने त्यांना तिच्या भावाच्या गोष्टी सांगितल्या. तो लहानपणी पाटीवरही समास आखायचा, हे मला नव्याने कळलं. वहिनीने चिवडा ताटलीत वाढला. आत्याने पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, “आपल्याकडचा आहे.” तेवढं एकच वाक्य मराठीत. बाबांनी चटकन माझ्याकडे पाहिलं. मी थांबले, तेही थांबले, पण पुढचं वाक्य पुन्हा गुजरातीत आलं.

निघताना आत्याने वहिनीकडून कागद मागून घेतला. ताटलीतला उरलेला चिवडा त्यात घातला आणि पुडी बांधली. ती भावाला पोचवण्यासाठी बाबांच्या हातात देत म्हणाली, “तमे वडोदरा जवाना ने? आ मारा भाईने आपजो. एने बहु भावे छे.”

“आपीश,” बाबांनी कबूल केलं. वाकून नमस्कार केला. परक्या म्हाताऱ्याने नमस्कार केला म्हणून आत्या संकोचली.

आम्ही हायवेला लागलो. मग बाबांनी पुडी उघडली आणि एकेक चिमूट खायला लागले. घरी नेण्यासाठी घेतलेला चिवडा मागच्या सीटवर तसाच होता, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला काहीतरी बोलायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. ते काही जमेना. मी म्हटलं, “मलाही द्या ना थोडा.”

“तुला नाही,” बाबा म्हणाले. “माझ्या बहिणीने माझ्यासाठी पाठवलाय.”