बापूंची टोपी आणि विशालकोन

"बघा, म्हणत हुतो की न्हाय! माझं रान हितवर हाय."

बापूंनी शेजारच्या हौसाबाईंच्या शेतात रोवलेल्या आमच्या झेंड्याकडे बोट केलं. हौसाबाई खुरपं टाकून तरातरा आल्या आणि थेट झेंड्यापाशी बसल्या.

"सायेब, मला उचलून न्या, मग झेंड्याचं बघा. मागं दोरीनं मोजलं तवा बांध हातभर माझ्यात सरकला. आता आणि किती सरकवताय? एवढ्याशा तुकड्यावर घर चालतंय माझं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जमीन मोजणीतला सर्व्हेअर, पोस्टिंग शाहूवाडीला. हातात लोखंडी साखळी आणि काटकोन धरायला 'शंकू', म्हणजे काठीवर बसवलेलं, नजर लावायच्या फटी असलेलं डोकं. तेवढ्यावर आम्ही डोंगर मोजायचो.

उतारावरची रानं चौकोनी नसतात. त्यांचे त्रिकोण पाडायचे, एक बाजू पाया धरायची आणि समोरच्या कोपऱ्यातून तिच्यावर लंब टाकायचा. ट्रेनिंगला आमचे साहेब ओरडायचे, "त्रिकोण दिसला की आधी त्याची जात विचारा!" तिन्ही बाजू सारख्या तर समभुज, दोन सारख्या तर समद्विभुज, एकीचा दुसरीशी मेळ नाही तर विषमभुज. कोनांवरून बघायचं तर सगळे नव्वद अंशांच्या आत असले की लघुकोन, एक बरोब्बर नव्वदचा असला की काटकोन, एक नव्वदच्या वर गेला की विशालकोन. पुस्तकातला देखणा समभुज मला शेतात उभ्या नोकरीत भेटला नाही.

बापूंचं रान विषमभुज, वर विशालकोन. सर्वांत लांब बाजू ओढ्याच्या अंगाला होती आणि तिच्यावर करवंदीची दाट जाळी. साखळी जाईना, म्हणून मी आखूड बाजू पाया धरली. विशालकोनात आखूड बाजूवर टाकलेला लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो. पाया तेवढा लांबवून घ्यायचा, गणिताला चालतं. पण इथे तो बांधापलीकडे, हौसाबाईंच्या रानात पडला होता आणि खुणेचा झेंडा तिथेच रोवावा लागला होता. आणि आमच्याकडे मोजणीचा झेंडा म्हणजे हद्द, असं शेंबडं पोरही सांगतं.

"हद्द नाही हो ती," मी म्हटलं. कुणी ऐकेना. बापू तर मिशीला पीळ देऊन उभे.

"बापू, टोपी द्या जरा."

"टोपी? कशाला?"

"द्या तर."

ती डोक्यावर घालून मी बापूंच्या बांधावर उभा राहिलो आणि पलीकडे वाकलो. टोपी सुटली ती हौसाबाईंच्या रानात.

"मावशी, माझे पाय कुठं हायत?"

"बापूच्यात."

"टोपी?"

"माझ्यात."

"मग टोपी पडली म्हणून रान बापूंचं झालं का?"

"व्हईल कसं!" हौसाबाई उठल्या, टोपी झटकून बापूंच्या हातात दिली. "ही घे तुझी. आन् सायेब, झेंडाबी उचला. समजलं मला, पर नको."

आता बापूंचा पारा चढला. "उचलायचा न्हाय. सरकारी झेंडा हाय."

"बापू, मावशी मोजू देणार नाहीत, मग नकाशा तुमच्या मनातच राहील," मी म्हणालो. "नाहीतर जाळी तोडा. लांब बाजू धरली की लंब तुमच्याच रानात पडतो."

बापू कुरकुरत कोयता घेऊन आले. दुसरा कोयता हौसाबाईंनी आणला आणि खरं सांगायचं तर जास्त जाळी त्यांनीच तोडली. ओरखड्यांनी हात लाल झाले, पण थांबल्या नाहीत. साखळी सरळ गेली, नवा लंब आत पडला, आकडे मागच्या मोजणीच्या नकाशाशी जुळले. बांध होता तिथेच राहिला, आणखी सरकला नाही. हौसाबाई त्यावर टेकल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला साखळी गुंडाळायची घाई करवेना.

आता उपग्रहाशी जोडलेलं यंत्र उभं केलं की आकाशातून हद्द उतरते. सोय मोठी आहे, तक्रार नाही. तरी साखळीचा तो खणखणाट आठवला की जीव शाहूवाडीच्या उतारावर जातो.

मी तिथे एवढंच शिकलो की गणितात बरोबर असलेली खूण दुसऱ्याच्या शेतात रोवायची झाली, तर आधी त्याला विचारावं. आणि मोजणीला जाताना पिशवीत कोयता ठेवावा.